शेतातल्या पोहण्याच्या पूलभोवती लाकडी डेक: काळ्या मातीत खांब टिकवायचे कसे?

धुरकरी | १२ मार्च, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

आमचं शेत वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यात. काही संत्रा, बाकी कपाशी-तूर. शेतातल्या घराजवळ तीन उन्हाळ्यांपूर्वी आम्ही जमिनीवर उभा राहणारा पूल घेतला. गोल, पंधरा फूट व्यासाचा, चार फूट उंच. स्टीलची चौकट आणि तिला लटकलेली जाड पीव्हीसीची पिशवी. पाणी साडेतीन फूट ठेवतो, म्हणजे साधारण साडेसतरा हजार लिटर. आमच्याकडे पोरं विहिरीतच पोहायला शिकतात. मीही पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून तसाच शिकलो. पण आता विहीर साठ फूट खोल आहे, आणि बहिणीची पोरं सुट्टीत आली की त्यांना त्यात उतरवायची माझी छाती होत नाही. म्हणून पूल.

पूल आला तसे दोन त्रास सुरू झाले. मे महिन्यात दुपारी शिडीच्या पाइपला हात लावणं शक्य नसायचं. आणि बाहेर आलेली पोरं ओल्या पायांनी मातीत उतरायची, परत चढायची, की दोन दिवसांत पाणी चहासारखं. म्हणून पूलभोवती गोल लाकडी डेक केला. घरात सगळे त्याला मचाणच म्हणतात.

तो डेक एका पावसाळ्यात गेला. नेमकं काय झालं ते सविस्तर सांगतो, कारण माझी चूक कुठे झाली हे मला नीट समजून घ्यायचं आहे.

दोन-दोन फुटांचे खड्डे केले, त्यात काँक्रीट ओतलं, त्यावर खांब. आतला एक गोल पूलच्या पायांना लागून, बाहेरचा गोल चार फुटांवर. फळ्या थेट पूलच्या काठाच्या पाइपला भिडवल्या, फट दिसली तर वाईट दिसेल म्हणून. जूनमध्ये सगळं छान होतं. ऑगस्टच्या झडीनंतर पाहतो तर बाहेरचे खांब वर आलेले, सगळ्यात उंच आलेला दीड इंच. आतले जागच्या जागी. त्यामुळे फळ्या आतल्या बाजूला कलल्या आणि पूलच्या काठावर रेटू लागल्या. एका सकाळी चौकटीचा जोड तडकला. पूर्ण पूल फुटला नाही ही देवाची कृपा, मी ताबडतोब पाणी काढलं. साडेसतरा टन पाणी एका बाजूने सुटलं असतं तर समोर जो असता तो वाचला नसता.

या हिवाळ्यात गावातलं आजोबांचं कवेलूचं घर उतरवलं. त्याची सागाची मयाल (छपराची जाड तुळई), फाटे, दारांच्या चौकटी ठेवल्या आहेत. ते लाकूड या कामाला लावायचं आहे. काळ्या मातीत खांब किती खोल जावेत, जुनं लाकूड उघड्यावर टिकेल का, फट किती ठेवावी, ज्यांनी हातानं केलं आहे त्यांनी सांगावं.

पाटबंधारे_निवृत्त | १३ मार्च, सकाळी ७.१५

तुमच्या वर्णनातच उत्तर आहे. बाहेरचे खांब उठले, आतले नाही. काळी माती पाणी पिऊन फुगते. पहिल्या पावसात पूलच्या खाली पाणी पोचलं नाही, तिथली माती कोरडी राहिली. बाहेरच्या कडेची माती मात्र भिजून फुगली आणि खांब घेऊन वर आली. दोन फुटांचं काँक्रीट म्हणजे त्या मातीत तरंगणारा बुचाचा तुकडा.

एक प्रयोग करा. मे महिन्यात शेतात भेगा पडतील तेव्हा एका भेगेत तुरीची सरळ काडी सोडा आणि किती आत जाते ते मोजा. तेवढी माती दरवर्षी फुगते-आक्रसते असं समजा, आणि त्याच्याही थोडं खाली जा.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी. तुमच्या विहिरीत डोकावून पाहा. जिथे बांधकाम नाही तिथे थर उघडे दिसतात. काळी माती किती फूट आणि मुरूम कुठून सुरू होतो ते तिथेच कळेल. खांबाचा पाया मुरमात टेकला पाहिजे. काळ्या मातीत टेकलेला पाया पाया नव्हे.

आमच्या खात्यात या मातीसाठी अंडर-रीम्ड पाइल वापरायचो, म्हणजे खाली घंटेसारखा फुगवलेला काँक्रीटचा खांब. ही पद्धत रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने काळ्या मातीसाठीच विकसित केली. तुमच्या डेकला एवढं नको, पण तत्त्व तेच घ्या. ट्रॅक्टरला लावून बागेचे खड्डे घेतात त्या मशीनने एक फूट रुंद भोक पाडा. मशीन जिथे थांबेल तिथून हाताच्या पहारीने खाली जा. तळाचा एक-दीड फूट मुरमात, थोडा रुंद. त्यावर सहा इंची पीव्हीसी पाइप उभा करा, त्यात दहा मिलिमीटरच्या चार सळया, आणि काँक्रीट. पाइप काढू नका. तो गुळगुळीत असतो, फुगणाऱ्या मातीला त्याला धरता येत नाही. पाइप आणि मातीच्या मधल्या जागेत जाड रेती भरा आणि वरचा अर्धा फूट मुरूम ठोकून बंद करा, नाहीतर पावसाचं पाणी त्या रेतीतून थेट तळाशी जाईल.

सळया विसरू नका. माती खांबाला वर ओढते तेव्हा काँक्रीटला ताण बसतो, आणि काँक्रीट ताणात तुटतं.

आणि वरचं टोक कधीही भोकापेक्षा रुंद करू नका. लोक वर काँक्रीटचा चौथरा पसरवतात. माती त्या टोपीखाली शिरून फुगते आणि उचलते.

नागपुरी_संत्रा | १३ मार्च, सकाळी ११.०२

विहिरीत डोकावून थर बघायची गोष्ट लाख मोलाची! आम्ही गोठ्याच्या खांबासाठी नुसते अंदाजाने खड्डे केले होते.

सुतारपक्षी | १३ मार्च, रात्री ८.३०

भाऊ, मी चंद्रपूरकडचा. तीस वर्षं झाले, रंदाच मारून राहिलो. जुना साग हाये त तुमच्याजवळ सोनं हाये. आजकाल धुऱ्यावरचा वीस-पंचवीस वर्षांचा साग कापून आणतेत, त्यात अर्धं पांढरं निघते. मधला तपकिरी गाभा असते तोच टिकते. पांढरा भाग कोणत्याच झाडाचा टिकत नाई, सागाचा बी नाई. उधई, म्हणजे वाळवी, पहिले पांढरंच खाते आणि मग गाभ्याकडे पाहते. म्हणून फळी पाडताना पांढरं बाजूले करा, जीव तुटला तरी.

आमच्याकडे आलापल्लीच्या जंगलाचा साग बल्लारपूरच्या डेपोत येते. २०२३ मध्ये अयोध्येच्या मंदिरासाठी सागाचं लाकूड बल्लारपूरहूनच गेलं. तेवढा जुना गाभा आता शेतकऱ्याले सहज भेटत नाई. तुमच्या आजोबाच्या मयालीत तो असंन.

आरामशीनवर न्यायच्या आधी एक काम करा. प्रत्येक नगावर मोठं चुंबक फिरवा. जुन्या घरात लोहाराचे घडवलेले खिळे असतेत, डोकं तुटून आत राहतेत, वरून दिसत नाई. एक खिळा लागला का आरा जाते, आणि पातं तुटून उडलं त माणूस जाते. आणि आरामशीनवाला लाकूड कुठलं ते विचारीनच, म्हणून घर पाडल्याचा ग्रामपंचायतीचा कागद जवळ ठेवा.

फळी एक इंच जाडीची, चार इंच रुंदीची. सहा इंची पाडू नका, रुंद फळी जास्त वाकते. खालची कडी, म्हणजे फळ्यांखालचं आडवं लाकूड, सोळा-सोळा इंचावर. फट पाच-सहा मिलिमीटर. चार इंची फळी उन्हाळ्यातून पावसाळ्यात दोन-अडीच मिलिमीटर फुगते. तुम्ही मे महिन्यात कोरडी फळी बसवसान आणि फट कमी ठेवसान, त श्रावणात फळ्या एकमेकीले ढकलतीन आणि स्क्रू उपटतीन. एकच जाडीचा पत्रा घ्या, दोन फळ्यांच्या मधात धरा, मंग स्क्रू मारा. म्हणजे सगळी फट सारखी येते.

स्क्रू स्टेनलेसचेच. साध्या लोखंडानं सागावर काळे डाग पडतेत, आणि क्लोरीनचं पाणी पडलं का वर्षभरात डोकं गळून येते. आधी गिरमिटानं भोक, मंग स्क्रू, नाई त फळीचं टोक फाटते. डोकं लाकडाच्या थोडं खाली बसवा. पोरांचे उघडे पाय हायेत, मे महिन्यात तापलेलं स्क्रूचं डोकं चटका देते.

कवेलू | १४ मार्च, दुपारी १.२०

बांबूचा विचार केला का? गडचिरोलीकडे चांगला मिळतो आणि स्वस्त पडतो.

सुतारपक्षी | १४ मार्च, रात्री ९.०५

बांबूचं काम मले आवडते, पण हे त्याचं काम नाई. बोरॅक्स-बोरिक पावडरच्या पाण्यात बुडवून ठेवलेला बांबू घरात छप्पराखाली वर्षानुवर्षं टिकते. पण ते औषध पाण्यात विरघळते. पूलचं पाणी आणि चार महिन्यांचा पाऊस पडला का धुऊन जाते, मंग घुण लागते. कठड्याच्या वरच्या भागाले लावा, खराब झाला त बदलता येते. अंगाखालच्या फळीले नको.

वर्धेकाठची | १४ मार्च, रात्री १०.४८

मला एक विचारायचं आहे. आमच्या गावात एप्रिलच्या शेवटी हातपंप कोरडे पडतात आणि बायका डोक्यावरून पाणी आणतात. मीही आणलं आहे. तुम्ही पोरांच्या जिवासाठी पूल घेतला हे समजतं, पण पाण्याचं काय?

धुरकरी | १५ मार्च, सकाळी ६.३०

ताई, हा प्रश्न मी स्वतःला आधी विचारला होता, म्हणून मनापासून सांगतो.

आम्ही संत्र्याचा मृग बहार घेतो. त्यासाठी एप्रिल-मे महिन्यात बागेला ताण द्यावा लागतो, म्हणजे पाणी पूर्ण बंद. झाडाची पानं मलूल होतात, मग मृगाच्या पावसावर फुलं येतात. त्या दोन महिन्यांत विहिरीचं बागेचं पाणी वाचतं. पूल त्यातूनच भरतो, तोही एकदा. पाणी बदलत नाही, गाळणी चालवतो. उन्हाळ्यात रोज साधारण एक सेंटिमीटर पाणी उडतं, आमच्या पूलच्या हिशेबाने दीडशे-एकशे साठ लिटर. ते कमी करायला रात्री आणि भर दुपारी वर ताडपत्री ओढतो. हंगाम संपला की क्लोरीन टाकणं थांबवतो. ऊन क्लोरीनला लवकर संपवतं. कागदाच्या पट्टीवर शून्य आलं की ते पाणी बागेला सोडतो.

आणि विहिरीत एक खूण केली आहे. पाणी त्या आडव्या कडप्प्याच्या खाली गेलं तर पूल भरायचा नाही. मागच्या वर्षी एक आठवडा उशिरा भरला तो त्यामुळेच. शेजारच्या दोन घरांना पिण्याचं पाणी आमच्या विहिरीवरूनच जातं, ते आधी.

वर्धेकाठची | १५ मार्च, सकाळी ८.११

खूण करून ठेवली हे वाचून बरं वाटलं. आता माझा दुसरा मुद्दा ऐका, हा दोन लहान मुलांची आई म्हणून सांगते आहे. कोणी हा विचार केलेला दिसत नाही.

तुमचा पूल चार फूट उंच आहे. आज त्याची भिंतच कुंपण आहे. तीन वर्षांचं पोर शिडीशिवाय आत पडूच शकत नाही. शिडी काढून ठेवली की झालं. पण ज्या दिवशी तुम्ही काठाच्या पातळीला डेक बांधता आणि त्याला पायऱ्या करता, त्या दिवशी ती भिंत राहत नाही. रांगणारं मूल पायऱ्या चढून सरळ पाण्यात जाईल, आणि बुडताना मूल ओरडत नाही. आवाजच होत नाही.

म्हणून डेक करा, पण पायऱ्यांना दार हवंच. आपोआप बंद होणारं, स्प्रिंगच्या बिजागरीचं. ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, म्हणजे मूल रेटत राहिलं तरी आत जाणार नाही. कडी आतल्या बाजूला आणि उंच, मोठ्या माणसाच्या छातीएवढी. कठड्याच्या उभ्या पट्ट्यांमध्ये चार इंचापेक्षा जास्त फट नको, डोकं अडकतं. आडव्या पट्ट्या अजिबात नकोत, मुलं त्यांची शिडी करतात. आणि दाराजवळ बादली, खुर्ची, खताचं पोतं, काहीच ठेवायचं नाही.

शेतावर शेळ्या असतील तर त्याही या दाराने अडतील. शेळी पायऱ्या पाहिली की चढतेच.

नागपुरी_संत्रा | १५ मार्च, सकाळी ९.३०

ताईंचा मुद्दा धाग्याच्या अगदी वर असायला हवा होता. भिंत हेच कुंपण, हे माझ्या डोक्यात आलंच नसतं.

एक वेगळं विचारतो. आमच्या धुऱ्यावर वडिलांनी लावलेले सागाचे पंधरा-वीस झाडं आहेत. घरच्या कामासाठी दोन कापायचे असतील तर परवानगी लागते का?

पाटबंधारे_निवृत्त | १५ मार्च, दुपारी १२.४०

लागते. स्वतःच्या शेतातला असला तरी साग १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याखाली येतो. आधी परवानगी, मग तोड, आणि लाकूड शेताबाहेर न्यायचं तर वाहतूक परवाना, ज्याला सगळे टीपी म्हणतात. आधी वनविभागाच्या कार्यालयात जा, सात-बारा घेऊन. झाड पाडून मग कागद शोधणाऱ्यांचे हाल मी पाहिले आहेत.

धुरकरी, तुमच्यासाठी आणखी दोन गोष्टी. पहिली, डेक गोल करू नका. एका बाजूला आठ बाय बारा फुटांचा चौकोन पुरे आहे. पायाचे खड्डे कमी, कापणी सोपी, आणि पूल पुढे कधी काढावा लागला तर डेक तसाच उभा राहतो. सहा खांब, दोन रांगा, पूलकडची रांग काठापासून फूट-दीड फूट मागे. तिथून पुढे फळ्या कडीवर थोड्या बाहेर काढा. म्हणजे पूलच्या बुडाशी कसलंही खोदकाम नाही.

दुसरी, डेक आणि पूल यांची भेट होता कामा नये. पूल भरल्यावर पोटाशी फुगतो. म्हणून आधी पूल पूर्ण भरा, दोन दिवस राहू द्या, मग माप घ्या आणि फळीचं टोक काठापासून दोन बोटं लांब ठेवा. फळी काठापेक्षा चार बोटं खाली. डेक पूलला टेकणार नाही आणि पूल डेकला टेकणार नाही. दोघांचा पाया वेगळा, दोघांची हालचाल वेगळी.

पूलच्या खालची बैठकही बघा. फूटभर मुरूम धुम्मसने ठोकून, पूलच्या बाहेर तीन फूट पसरवून, उतार बाहेर द्या. पाणी कडेशी साचलं नाही तर माती फुगणार नाही. अर्धं काम खांब करतात, अर्धं पाण्याचा निचरा.

डीपी_जवळचा | १६ मार्च, सकाळी ७.५०

मी वीज दुरुस्तीची कामं करतो. गाळणीचा पंप कुठून चालवता? शेताच्या थ्री फेजवर कपॅसिटर लावून चालवत असाल तर बंद करा. पूलचा पंप घरच्या लाइनवर घ्या आणि त्या वायरवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, बसवा. नेहमीचा फ्यूज किंवा एमसीबी माणसाला वाचवत नाही, तो वायरला वाचवतो. ओला माणूस, ओली फळी, पाण्यात पाय, यात थोडा करंट पण जीव घेतो. आरसीसीबीचं टेस्ट बटन दर महिन्याला दाबा, ट्रिप झाला पाहिजे. अर्थिंग चांगलं करा, आणि आमच्याकडे अर्थिंगची माती उन्हाळ्यात कोरडी पडते, त्या खड्ड्यात पाणी टाकत राहा.

पंप डेकच्या खाली लपवू नका. लोकांना तो दिसायला नको असतो. पण वायर उंदराने कुरतडली की कोणाला कळत नाही. डेकच्या बाहेर, छपराखाली, डोळ्यासमोर.

कवेलू | १६ मार्च, संध्याकाळी ६.२५

आणि खालची जागा साप-विंचवांची होईल त्याचं काय? आमच्या गोठ्यामागे लाकडांच्या ढिगातून घोणस निघाली होती.

सुतारपक्षी | १६ मार्च, रात्री ८.५०

खाली बंद करू नका, मोकळं ठेवा. चार फूट उंच हाये, माणूस वाकून झाडू मारू शकते. सरपण, विटा, जुने टायर काहीच ठेवायचं नाई. उजेड आणि हवा खेळली का साप बसत नाई आणि लाकूड बी वाळते. जाळी लावून बंद केलं का उंदीर आत, उंदरामागे साप.

खांब जमिनीले टेकवू नका. काँक्रीटवर लोखंडी बूट बसवा, खांबाचं बूड जमिनीपासून चार बोटं वर. उधईले वर चढाले मातीचा रस्ता करा लागते. उघड्या लोखंडावर तिचा रस्ता दिसते, झाडूनं मोडता येते. आणि खांबाच्या मधात तिरप्या पट्ट्या आडव्या मारा, कैचीसारख्या. चार फूट उंच डेकवर पोरं उड्या मारतेत, तिरपी नसली त हालते.

धुरकरी | २१ एप्रिल, रात्री ८.१५

धागा वर आणतो. काम सुरू झालं.

विहिरीत थर पाहिले. पाच फूट काळी, दोन फूट चुनखडीची पिवळसर माती, मग मुरूम. सहा भोकं साडेआठ फूट खोल. मशीन सहा फुटांवर थांबली, पुढे दोघं जण पहारीने. सगळे पाया तयार झाले. बुटाखाली बोल्टची बैठक ठेवली आहे, नट फिरवून खांब एक-दीड इंच वर-खाली करता येतो. हे गावच्या वेल्डरने सुचवलं.

आजोबांच्या मयालीतून चुंबकाला एकवीस खिळे लागले. एक माझ्या बोटाएवढा होता, चौकोनी, डोकं नसलेला. मयालीवर ऐंशी-नव्वद वर्षांच्या चुलीच्या धुराचा थर होता, नखाने खरवडला तर काळा मेणासारखा निघायचा. रंदा मारला आणि त्याखालून सोनेरी साग निघाला. अंगणात तो वास पसरला तेव्हा आई घरातून बाहेर आली आणि म्हणाली, हा आपल्या माजघराचा वास आहे. मग ती बराच वेळ तिथेच बसली.

धुरकरी | ९ मे, रात्री ९.३०

एक इशारा द्यायला लिहितो आहे, कृपया सगळ्यांनी वाचा.

फळ्यांना जवसाचं तेल लावलं. घाण्याचं कच्चं तेल चिकट राहतं, म्हणून उकळलेलं, टर्पेंटाइनमध्ये पातळ करून, दोन हात. फळीच्या दोन्ही टोकांना जास्त, कारण पाणी तिथूनच आत शिरतं. तेल पुसलेली फडकी, पाच-सहा, एकत्र गोळा करून गोठ्यामागे टाकली. दुपारी तीनच्या सुमाराला कडू वास आला. जाऊन पाहतो तर तो गोळा धुमसत होता. कोणी काडी ओढली नव्हती. जवसाचं तेल वाळताना गरम होतं, आणि फडकी ढिगाने टाकली की ती उष्णता अडकते आणि आग लागते. मागे गव्हांड्याचा ढीग होता, पाच हात लांब. अर्धा तास उशीर झाला असता तर गोठा गेला असता, त्यात दोन बैल आणि एक गाय.

फडकी पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा एकेक पसरून दोरीवर वाळवा. ढीग करू नका.

पाटबंधारे_निवृत्त | ९ मे, रात्री १०.१०

तुम्ही हे लिहिलंत हे फार चांगलं केलं. आमच्याकडे जवस घरोघरी असतं, पण ही गोष्ट बहुतेकांना माहीत नाही. जनावरं सुखरूप ना?

धुरकरी | १० मे, सकाळी ६.०५

हो काका, सुखरूप.

धुरकरी | २६ मे, दुपारी ४.४०

डेक पूर्ण झाला. बहिणीची पोरं आली आहेत. दार ताईंनी सांगितलं तसंच केलं. धाकटा भाचा साडेतीन वर्षांचा आहे, त्याने काल पंधरा मिनिटं दाराशी झटापट केली, उघडता आलं नाही. ते पाहून बहिणीने पहिल्यांदा पूलजवळ निवांत चहा घेतला.

दुपारी फळ्या तापतात, बाराच्या पुढे अनवाणी उभं राहवत नाही. बादलीभर पाणी ओतलं की दहा मिनिटं बरं असतं. संध्याकाळी साडेपाचनंतर निंबाची सावली डेकवर येते, तेव्हाच पोरांना सोडतो. मोठी भाची आता काठ सोडून मधोमध जाते.

वर्धेकाठची | २६ मे, संध्याकाळी ७.२०

भाच्याच्या झटापटीचं वाचून डोळे भरून आले. जपा सगळ्यांना.

नागपुरी_संत्रा | २ सप्टेंबर, सकाळी १०.१५

धुरकरी भाऊ, पोळा आला. खांबांचं काय झालं? आम्ही सगळे वाट पाहून राहिलो.

धुरकरी | ६ सप्टेंबर, रात्री ८.५५

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी मोजलं. पोरं लाकडी बैल घेऊन गावात गेली होती, शेतावर शांतता होती. पाण्याची नळी घेतली, मे महिन्यात खांबांवर ओढलेल्या खुणांशी पातळी लावली.

पाच खांब जागचे हललेले नाहीत. नळीत फरक दिसलाच नाही. यंदा आमच्याकडे झड चांगली दहा दिवस लागली होती, तरी. फळ्यांच्या फटी बारीक झाल्या, पण एकही फळी दुसरीला भिडलेली नाही. पूलचा काठ आणि फळी यांच्यात दोन बोटं जशीच्या तशी.

सहावा खांब, न्हाणीच्या बाजूचा, पाव इंच वर आला आहे. कारण शोधायला वेळ लागला नाही. न्हाणीचं सांडपाणी त्याच्या बुडाशी मुरत होतं, आणि त्याच एका भोकात रेती कमी पडली म्हणून मी वरचे दोन फूट त्याच काळ्या मातीने भरले होते. मजूर म्हणाला होता, उद्या रेती आणू. मी म्हणालो, चालेल.

आज सकाळी नट फिरवून तो खांब पातळीवर आणला. न्हाणीची नाली आठवड्याभरात दुसऱ्या बाजूला वळवतो, आणि दसऱ्यानंतर जमीन वाळली की ती माती उकरून रेती भरणार आहे.

सुतारपक्षी | ६ सप्टेंबर, रात्री ९.४०

उकरताना पाइपाले पहार लागू देऊ नका, हातानं काढा. आणि दिवाळीच्या आत तेलाचा एक हात आणखी मारा, फळ्या पूर्ण वाळल्यावर. फडकी बादलीत.